निदान चुकलं आणि माणूस गेला: डॉक्टरवर फौजदारी तक्रार करायची तर कोणत्या क्रमाने

फाइल घेऊन येणाऱ्या घरच्या लोकांनी तोवर बहुतेक वेळा तीन गोष्टी करून टाकलेल्या असतात. अंत्यसंस्कार उरकलेले असतात, हॉस्पिटलात जाऊन आवाज चढवून झालेला असतो, आणि पोलीस ठाण्यात 'डॉक्टरच्या चुकीमुळे मृत्यू झाला, कारवाई व्हावी' असा चार ओळींचा अर्ज पडलेला असतो. मग सहा महिने झाले तरी एफआयआर का होत नाही म्हणून विचारतात. क्रम उलटा झाला म्हणून होत नाही. आधी मृत्यूचं कारण कागदावर आणायचं, मग रेकॉर्ड, मग दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि त्यानंतर पोलीस. खालचं सगळं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे, आणि घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची आहे असं धरलंय. त्याआधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ (हयगयीने मृत्यू) लागेल, पायऱ्या साधारण ह्याच.

## १. आधी बघा, हा गुन्हा आहे का नुसती चूक

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा थांबतो. निदान चुकणं हा आपोआप गुन्हा नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २००५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की फौजदारी जबाबदारीसाठी हयगय 'ढोबळ' म्हणजे फार वरच्या दर्जाची लागते, नुकसानभरपाईच्या दाव्यात जेवढी पुरते तेवढी इथे पुरत नाही. मोजमाप असं, की त्याच शाखेतला साधारण कुवतीचा डॉक्टर, त्या वेळी, समोर तीच लक्षणं असताना असं वागला असता का. नंतर काय कळलं ते त्यात धरत नाहीत.

तुलना करून बघा. छातीत दुखणारा पेशंट आला, ईसीजी काढला, नॉर्मल आला, रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी) पाठवली, काही तासांनी परत करायची म्हणून ठेवून घेतलं आणि तेवढ्यात तो गेला. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही हार्ट अटॅक असू शकतो, त्यामुळे इथे निदान उशिरा झालं असेल पण डॉक्टर शोधत होता. आता दुसरा: तोच पेशंट, डाव्या हातात कळ, घाम फुटलेला, आणि ईसीजी मशीन तिथेच असताना ते न लावता अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवला. छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी हा जगभर मान्य असलेला नियम आहे. पहिल्यात मत चुकलं, दुसऱ्यात शोधलंच नाही. फौजदारी केस उभी राहिलीच तर ह्या दुसऱ्या प्रकारातली.

तिसरा प्रकार आहे ज्याकडे लोक लक्ष देत नाहीत, तो म्हणजे रिपोर्ट आला होता पण कुणी पाहिलाच नाही. सीटी स्कॅनवर रक्तस्राव लिहिलेला, रिपोर्ट रात्री दोनला तयार, आणि वॉर्डात सकाळी नऊच्या राउंडपर्यंत तसाच पडून. माझ्या मते हा प्रकार सगळ्यात पक्का, कारण इथे मताचा प्रश्नच उरत नाही, वेळा कागदावर छापलेल्या असतात.

चौथा, पात्रतेबाहेर जाऊन उपचार. पूनम वर्मा प्रकरणात (१९९६) होमिओपॅथीचं रजिस्ट्रेशन असलेल्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती, आधी व्हायरल ताप म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून, नीट तपासण्या न करता. सुप्रीम कोर्टाने ती कृतीच निष्काळजीपणा धरली. ती केस भरपाईची होती, पण मुद्दा इथेही उपयोगी पडतो.

तपासून घ्या: 'डॉक्टरने अमुक करायला हवं होतं, ते केलं नाही, आणि केलं असतं तर जीव वाचण्याची खरी शक्यता होती' हे वाक्य 'अमुक'च्या जागी ठोस गोष्ट घालून पूर्ण करता येतंय का? 'लक्ष दिलं नाही' ही ठोस गोष्ट नाही. 'ईसीजी काढला नाही' ही आहे. वाक्य पूर्ण होत नसेल तर फौजदारीच्या मागे लागू नका, पायरी ८ वर जा.

## २. अंत्यसंस्काराच्या आधी: पोस्टमॉर्टेम

हे लिहायला मला जड जातं कारण त्या वेळी घरात काय चाललेलं असतं ते माहितीय. पण संशय असेल तर बॉडी ताब्यात घेण्याआधीच पोस्टमॉर्टेमची (पीएम) मागणी करा, आणि तीही लेखी. पोलीस ठाण्यात कळवलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते (तिला एडीआर म्हणतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसचं कलम १९४), पंचनामा होतो आणि बॉडी सरकारी पीएम सेंटरला जाते.

का एवढं महत्त्वाचं, तर निदान चुकलं हे सिद्ध करायला खरं निदान काय होतं ते आधी सिद्ध व्हावं लागतं. डॉक्टर म्हणाला गॅस, तुम्ही म्हणता हार्ट अटॅक, आणि पीएमच नाही तर तुमच्याकडे काय आहे? डेथ सर्टिफिकेटवर नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे हृदय आणि श्वास थांबला, तो तर प्रत्येकाचाच थांबतो.

पंचनाम्याच्या वेळी आणि जबाबात उपचारांबद्दलचा संशय स्पष्ट नोंदवायला लावा. 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य छापल्यासारखं जबाबाच्या शेवटी आलेलं असतं आणि घाईत लोक सही करतात. नंतर बचाव पक्ष तेच पहिलं दाखवतो.

सावधान: दहन झालं की हा रस्ता कायमचा बंद. दफन असेल तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने नंतरही काढता येतं, पण जितका उशीर तितकं कमी सापडतं. पीएमनंतर 'मत राखून ठेवलंय, व्हिसेरा आणि हिस्टोपॅथॉलॉजी' (म्हणजे शरीरातले नमुने प्रयोगशाळेत तपासायला गेलेत) असं लिहिलं असेल तर तो अंतिम रिपोर्ट येईपर्यंत पाठपुरावा तुम्हालाच करायचाय, आपणहून कुणी फोन करत नाही.

आणि तोडफोड, धक्काबुक्की, शिव्या यातलं काहीही नको. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याप्रमाणे हॉस्पिटलातली हिंसा आणि तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची केस उभी राहायच्या आधी तुमच्यावरची उभी राहते.

## ३. रेकॉर्ड मागा, भांडायच्या आधी

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळावं लागतं. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख, वेळ. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने. सरकारी हॉस्पिटल असेल तर जोडीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज.

'सगळे कागद द्या' असं लिहू नका, डिस्चार्ज समरी हातात देऊन मोकळे होतात. नावं घेऊन मागा. कॅज्युअल्टी किंवा ओपीडीचा पहिला केस पेपर, पूर्ण इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), औषधांचा चार्ट, डॉक्टरांच्या राउंडच्या नोट्स, दुसऱ्या डॉक्टरांना दिलेले रेफरन्स, कन्सेंट फॉर्म, लॅब रिपोर्ट सॅम्पल घेतल्याच्या आणि रिपोर्ट निघाल्याच्या वेळेसकट, आणि एक्स-रे, सीटी, एमआरआयची फिल्म किंवा सीडी. नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही, कारण रेडिओलॉजिस्टनेच चुकीचं वाचलं असेल तर ते फिल्म बघूनच कळणार.

नर्सिंग नोट्सवर जोर देतोय त्याला कारण आहे. डॉक्टरच्या नोट्स नंतर बसून लिहिलेल्या असू शकतात, नर्सच्या तासातासाला लिहिल्या जातात. 'पेशंट अस्वस्थ, डॉक्टरांना फोनवर कळवले' आणि बाजूला वेळ, ही एक ओळ कधीकधी अख्ख्या फाइलपेक्षा भारी पडते.

एक प्रसंग सांगतो. मुलाने कॅज्युअल्टीचा पेपर त्याच रात्री मोबाइलवर काढून मामाला पाठवला होता, औषध बरोबर आहे ना विचारायला. महिन्याभराने हॉस्पिटलकडून जी प्रत आली तिच्यात तोच पेपर, तेच अक्षर, पण खाली एक जास्तीची ओळ: 'ईसीजीचा सल्ला दिला, नातेवाइकांचा नकार'. फोटोत त्या जागी कोरा कागद. पुढची सगळी लढाई त्या फोटोवर झाली. तेव्हा मोबाइलमधलं काहीही डिलीट करू नका, फोन बदलू नका, फॉरवर्ड करून मूळ उडवू नका. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन जपलेला बरा. बिल पण ठेवा, बिलात ईसीजी नसेल आणि नोट्समध्ये ईसीजी केला असं असेल तर कळलं ना.

## ४. तासाचा तक्ता

आता कागद पसरून बसा आणि तीन रकाने आखा: वेळ, त्या वेळी डॉक्टरला काय माहीत होतं, त्याने काय केलं. चौथा रकाना पुरावा कुठल्या पानावर. समजा असं:

रात्री ११:१०, कॅज्युअल्टीत आले, वय ५२, छातीत जळजळ, घाम, शुगरची गोळी चालू असं सांगितलं. बीपी लिहिलंय, ईसीजी नाही. केस पेपर पान १.

११:३५, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन. औषधाचं बिल.

१२:०५, घरी सोडलं, 'उद्या ओपीडीत दाखवा'. पान १ च्या मागे.

पहाटे ४:२०, घरी कोसळले. अँब्युलन्सचा कॉल, फोनमधली नोंद.

एवढ्या चार ओळींत केस दिसते. आणि कधीकधी केस नाही हेही दिसतं, म्हणजे घरच्यांना वाटत असतं की डॉक्टर तीन तास फिरकला नाही आणि चार्टवर त्या तीन तासांत चार नोंदी असतात. ते आत्ता कळलेलं चांगलं.

जे तुम्ही डॉक्टरला सांगितलंच नव्हतं ते दुसऱ्या रकान्यात घालू नका. आधीचा त्रास लपवला असेल, दुसरीकडची औषधं सांगितली नसतील तर तेही प्रामाणिकपणे लिहा, समोरचा वकील काढणारच आहे.

तपासून घ्या: तक्त्यात प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या कृतीसमोर आलंय का? फौजदारीत ज्याने केलं किंवा करायला हवं असताना केलं नाही, त्याचीच जबाबदारी. मालक आहे, ट्रस्टी आहे, बोर्डावर नाव आहे म्हणून कुणी आरोपी होत नाही. बारा जणांची नावं घातलेली तक्रार कुणाविरुद्धच नसते.

## ५. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत

हे नसेल तर पुढे जाऊच नका. जेकब मॅथ्यूमध्येच सांगितलंय की खासगी फिर्याद दाखल करून घेण्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत जोडलेलं हवं.

डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाहीत हे बरंचसं खरं आहे. पण आपण विचारतो तेही चुकीचं असतं. 'त्याची चूक आहे असं लिहून द्या' म्हटलं की कुणीही हात झटकणार. तक्ता आणि कागदांच्या प्रती द्या आणि तीन प्रश्न विचारा: ह्या लक्षणांत त्या टप्प्यावर कोणत्या तपासण्या नेहमी केल्या जातात? त्या केल्याचं कागदांवर दिसतं का? वेळेत केल्या असत्या तर उपचार उपलब्ध होता का आणि त्याने फरक पडला असता का? ह्याची उत्तरं द्यायला डॉक्टर तयार होतात, कारण ती पुस्तकी उत्तरं आहेत. निवृत्त प्राध्यापक, मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलेले लोक, दुसऱ्या शहरातले, हे त्यातल्या त्यात मोकळे.

शाखा तीच हवी. हृदयाच्या केसला हाडाच्या डॉक्टरचं मत चालत नाही, आणि साध्या एमबीबीएस डॉक्टरने काय करायला हवं होतं हे सुपरस्पेशालिस्टच्या मापाने मोजलेलंही टिकत नाही.

तिसरा प्रश्न लोक विसरतात. हयगय दाखवली, पण मृत्यू तिच्यामुळेच झाला हे जोडलं नाही, तर हयगयीने मृत्यूचं कलम (भारतीय न्याय संहिता १०६) लागत नाही. शेवटच्या स्टेजचा कॅन्सर दोन आठवडे उशिरा सापडला असं असेल तर राग खरा असला तरी हा दुवा फार नाजूक असतो.

## ६. पोलीस ठाणे

कलम कोणतं ते नीट समजून जा. भारतीय न्याय संहिता कलम १०६(१): हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. नोंदणीकृत डॉक्टरकडून 'वैद्यकीय प्रक्रिया' करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत आणि दंड. ही सवलत नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखालच्या रजिस्टरवर नाव असलेल्यांनाच आहे, त्यामुळे कलम शब्दशः वाचलं तर नर्स, टेक्निशियन किंवा दुसऱ्या पॅथीचा डॉक्टर तिच्यात बसत नाही. 'वैद्यकीय प्रक्रिया' म्हणजे काय ह्याची व्याख्या संहितेत नाही, आणि निदान न करणं म्हणजे प्रक्रिया का, ह्यावर वकील दोन्हीकडून भांडू शकतात. पेशंट वाचला पण गंभीर इजा राहिली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत.

'खुनाचा गुन्हा लावा', 'सदोष मनुष्यवध लावा' हा हट्ट सोडा. ती कलमं हेतू किंवा जाणिवेवर उभी असतात आणि तसा अर्ज दिला की तुम्ही गंभीर नाही असं वाचणाऱ्याचं मत होतं.

अर्ज दोन पानांच्या आत. पहिल्या परिच्छेदात कोण, कधी, कुठे. मग तक्ता. मग ते 'अमुक केलं नाही' वाक्य. जोडपत्रं: पीएम रिपोर्ट, केस पेपरच्या प्रती, दुसऱ्या डॉक्टरचं मत. विशेषणं काढून टाका, 'पैशाला हपापलेले' वगैरे. आवक नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

लगेच एफआयआर झाला नाही म्हणून भांडू नका. ललिता कुमारी निकालात (२०१३) वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशी करायला कोर्टानेच मुभा दिलीय. अटकेचीही अपेक्षा ठेवू नका, १०६(१) जामीनपात्र आहे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये असं जेकब मॅथ्यू सांगतो.

## ७. समितीकडे काय जातंय ते बघा

पोलीस तुमचा अर्ज स्वतंत्र वैद्यकीय मतासाठी पाठवतात, शक्यतो सरकारी सेवेतल्या, त्याच शाखेतल्या डॉक्टरांकडे. व्यवहारात म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची समिती. केस इथे जगते किंवा मरते, आणि घरचे लोक नेमके इथे घरी बसून वाट बघतात.

समिती पोलिसांनी पाठवलेलेच कागद बघते. तपास अधिकाऱ्याने फक्त डिस्चार्ज समरी पाठवली तर समिती त्यावरून 'उपचार योग्य' म्हणून मोकळी. म्हणून अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या: हे हे कागद, हा तक्ता, हे तीन प्रश्न समितीकडे पाठवावेत, आणि त्या शाखेचा तज्ज्ञ समितीत असावा. पोच घ्या. समितीने बोलावलं तर जा, भाषण करू नका, तक्ता समोर ठेवा.

मत विरुद्ध आलं तर प्रत मागून घ्या आणि कारणं दिलीत का ते बघा. 'निष्काळजीपणा आढळून येत नाही' एवढी एकच ओळ असेल तर तुमच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत असं लेखी कळवा. ते तज्ज्ञाचं मत आहे, कोर्टाचा निकाल नाही.

पोलीस हलतच नसतील तर बीएनएसएस कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर तिथल्या वरिष्ठांना) लेखी, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह १७५(३) खाली अर्ज. नाहीतर कलम २२३ खाली सरळ खासगी फिर्याद, पण त्यात दखल घेण्याआधी डॉक्टरचंही ऐकलं जातं, तेव्हा पायरी ५ चं मत तगडं हवं. सरकारी डॉक्टर असेल तर कलम २१८ च्या मंजुरीचा (सरकारी नोकरावर खटल्याआधी सरकारची परवानगी) मुद्दा निघू शकतो, वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

एफआयआर होऊन नंतर पोलिसांनी 'ब' किंवा 'क' समरी (केस बंद करावी असा कोर्टाला अहवाल) पाठवली तर कोर्टाने तुम्हाला नोटीस द्यायला हवी, आणि तुम्ही प्रोटेस्ट पिटिशन (त्या अहवालाविरुद्ध हरकतीचा अर्ज) करू शकता. पत्ता बदलला असेल तर ठाण्यात कळवून ठेवा, नोटीस जुन्या घरी जाऊन परत येते आणि समरी मंजूर होते.

## ८. बाजूला चालणारी घड्याळं

फौजदारी केसमधून पैसे मिळतील ह्या आशेवर राहू नका, भरपाईची जागा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि फौजदारी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. दोन्ही एकाच वेळी चालतात. जिथे कुणालाच पैसे लागत नाहीत अशा सरकारी दवाखान्यातल्या उपचारांसाठी मात्र ग्राहक आयोग नाही, तिथे दिवाणी कोर्ट.

डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई हवी तर राज्याची मेडिकल कौन्सिल, महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथे 'ढोबळ' हयगय दाखवायची अट नाही, आणि कौन्सिलने ठपका ठेवला तर तो कागद बाकी दोन्हीकडे दाखवता येतो.

फौजदारीलाही मुदत आहे. दोन किंवा तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला कोर्टाने दखल घ्यायची मर्यादा तीन वर्षं, आणि १२५ मधल्या किरकोळ भागांना एकच वर्ष. समितीचं मत यायलाच कधीकधी वर्ष जातं. म्हणून तक्त्याच्या कागदावर सगळ्यात वर, लाल पेनाने, तीन तारखा लिहून ठेवा: मृत्यूची, मृत्यूपासून दोन वर्षांची, मृत्यूपासून तीन वर्षांची. आणि तो कागद फाइलच्या आत नको, कव्हरवर चिकटवा.